तुरीच्या कोठीतला लॅपटॉप

नांदेडहून लातूरला जाणारी एसटी अहमदपूरच्या स्टँडात शिरली की ड्रायव्हर चहाला उतरतो, कंडक्टर उतरतो आणि त्यांच्यामागं निम्मी गाडी उतरते. स्टँडच्या भिंतीला लागूनच पुनमचं दुकान. पाटीवर लॅपटॉपचं चित्र, खाली ‘पुनम कॉम्प्युटर्स’ आणि त्याच्याही खाली लाल अक्षरांत ‘गेलेला डेटा काढून मिळेल’. या लाल ओळीपायी तिची गावभर चेष्टा झालेली. शेजारचा पानवाला रोज न चुकता विचारायचा, “ताई, आमची गेलेली म्हैस निघंल का त्यातून?” आणि पुनम त्याला रोज न चुकता सांगायची, आधी म्हशीचा पासवर्ड आणा.

डिसेंबरातला मंगळवार होता, सकाळचे साडेदहा. गाडीतून उतरलेल्या गर्दीतून एक बाई सरळ दुकानात आली. पासष्टीच्या पुढची, उन्हानं रापलेली, नऊवारी नेसलेली. काखेत जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं, तान्हं मूल धरावं तसं धरलेलं. पुनमला क्षणभर वाटलं, बाई दवाखाना समजून चुकून इथं शिरली.

“पाटीवर जे मशीन काढलंय, ते तुमी दुरुस्त करता न्हवं?”

“हाव मावशी. बसा.”

“बसायला टाइम न्हाई. गाडी पंधरा मिनिटंच थांबती.” बाईनं लुगडं सोडलं. आतून एक पातळ, करडा लॅपटॉप निघाला. “नांदेडला दोन दुकानं फिरले. काचेचे दारं असलेली, मोठाली. दोघंबी म्हणले बोर्ड गेला, डेटाबी गेला, ठेवून द्या. अन् कशानं गेला ते कुणी सांगंना. माणूस गेलं तर डॉक्टर सांगतो तरी, कशानं गेलं.”

पुनमला हे बोलणं एकदम पटलं. ‘बोर्ड गेला’ हे निदान ऐकलं की तिचं डोकं फिरायचं. मशीन उघडायचं नाही, हुंगायचं नाही, मीटर लावायचा नाही, आणि काचेच्या दाराआडून मान हलवून मोकळं व्हायचं. असल्या लोकांनी हातात स्क्रू ड्रायव्हर तरी कशाला धरावा, असं ती उघड म्हणायची. त्यामुळं धंद्यातल्या लोकांत ती फारशी लाडकी नव्हती.

“मावशी, कशानं गेला ते सांगते. पण पंधरा मिनिटांत व्हायचं न्हाई. गाडी जाऊ द्या.”

बाईनं गाडीकडं बघितलं, लॅपटॉपकडं बघितलं आणि दारातूनच हाळी दिली, “ओ कंडक्टर! तुमी जावा! माझी पिशवी तेवढी खाली द्या!”

बाईचं नाव साखराबाई. गाव शिरूर अनंतपाळच्या पलीकडचं, दीडशे उंबऱ्यांचं. पुनम एकेक स्क्रू काढून डबीच्या झाकणात ठेवत होती आणि साखराबाई सांगत होत्या.

गेली वीसएक वर्षं त्या आपल्या शेतात तुरीची निवड करत आलेल्या. तुरीला मर लागते, उभं झाड बघता बघता वाळून जातं. अशा मरीत जे झाड तग धरेल, शेंगा भरून देईल, त्याचंच बी त्या बाजूला काढायच्या आणि पुढच्या साली तेच पेरायच्या. कुणी शिकवलं नव्हतं. हळूहळू आसपासच्या गावांतून लोक ‘साखराबाईची तूर’ मागायला येऊ लागले. सहा वर्षांपूर्वी सून आली, शिवांगी. नांदेडची मुलगी, लातुरात शेतीचं कॉलेज केलेली. तिनं पहिल्याच हंगामात ते शेत बघितलं आणि म्हणाली, आत्याबाई, हे साधं बी नाही, हे वेगळं वाण आहे, सरकारदरबारी तुमच्या नावावर याची नोंद करायची.

“नोंद करायला पाच हंगामाचं लिखाण लागतंय,” साखराबाई म्हणाल्या. “झाड किती वाढलं, फूल कवा आलं, शेंगंत दाणे किती. दर आयतवारी ती पट्टी घेऊन रानात. फोटो काढायची, ह्याच्यात भरायची. पोट पुढं आलं तरी बांधावरून चालायची. आता इसएक दिस झाले, पोरगी झाली तिला. माहेरीच हाय, नांदेडला. अन् कागद आला, कमिटी बेस्तरवारी येऊन राहिली म्हणून.”

“ह्या बेस्तरवारी? परवा?”

“परवा. उभं पीक बगणार अन् पाच सालाचं लिखाण बगणार. लिखाण न्हाई तर अर्ज बाद. फिरून पहिल्यापासून पाच वर्सं.” त्यांनी रिकाम्या लुगड्याची घडी घातली. “माझं सोडा. मी सदुसष्टची हाय, झालं तर झालं न्हाई तर न्हाई. पण काल हे मशीन घेऊन तिच्याकडं गेले, तिनं बटन दाबलं, ते चालूच व्हईना. दुकानातून वापस आल्यावर ती बाळंतीण रडली बगा. मी म्हणलं, बाळंतिणीनं रडू न्हाई. तर म्हणली, आत्याबाई, माझे पाच वर्सं गेले.”

“दुसरी कॉपी ठेवली नव्हती?”

“ठेवली की. शाणी हाय ती.” साखराबाईंनी कमरेच्या पिशवीतून एक पेनड्राइव्ह काढला. “ह्याच्यातबी सगळं हाय म्हणती. मशीनबरुबरच ठेवला होता. पण हेबी मेलं.”

पुनमचा हात थांबला. तिनं पेनड्राइव्ह आपल्या मशीनला लावून बघितला. काहीच नाही. मग भिंगाखाली धरला. त्याच्या तोंडाशी ज्या पितळी पट्ट्या चकचकीत असायला हव्यात, त्या काळ्या पडलेल्या.

लॅपटॉप बंद पडला, ठीक. पण इतक्या दिवसांत कुणी हातही न लावलेला पेनड्राइव्ह त्याच्याच जोडीनं बंद पडतो, म्हणजे दुखणं मशीनचं नाही. दुखणं त्या जागेचं आहे, जिथं हे दोघं एकत्र होते. पुनमला आता मजा यायला लागली. अवघड केस समोर आली की तिला भूक लागत नसे आणि गिऱ्हाइकाचा फोनही ऐकू येत नसे.

तिनं मागचं झाकण उचललं. पाणी शिरलं असतं तर हिरवट बुरशीसारखे डाग दिसले असते. ते नव्हते. पाणी लागलं की लाल होणारा एक कागदी ठिपका आत असतो, तो पांढराशुभ्र होता. जळल्याचा वास नव्हता, फुगलेला भाग नव्हता, उंदराचे दात नव्हते. पण आतली तांब्याची नळी, जी नव्या भांड्यासारखी लाल दिसायला हवी, ती या टोकापासून त्या टोकापर्यंत काळी होती. स्क्रूंच्या पितळी बैठका काळ्या. जिथं पाण्याचा थेंब पोचूच शकत नाही, त्या फटीतसुद्धा काळं.

जिथं पाणी जात नाही तिथं हवा जाते. पुनमनं बोर्डाजवळ नाक नेलं. फार पुसट, पण वास होता. लसणाचा.

ती ताठ झाली. हा वास तिनं याआधी हुंगला होता.

“मावशी, हे ठेवलं कुठं होतं?”

“घरातच.”

“घरात कुठं?”

“जपून ठेवलं होतं!” साखराबाईंचा आवाज चढला. “मी काय येंधळी दिसले का तुमाला? सून माहेरी जाताना म्हणली, आत्याबाई, ह्याच्यात आपलं सगळं हाय, जीव लावून ठेवा. मग म्या आमच्या घरात जी सगळ्यात जपणुकीची जागा, तिथं ठेवलं. माझ्या लुगड्यात गुंडाळून. पत्र्याच्या कोठीत, बियाच्या तुरीवर. उंदीर शिरंना, धूळ शिरंना, चोराला सपनातबी सुचंना. बी जिथं, त्याचं लिखाण तिथं. वरून झाकण लावून फटी लिंपून घेतल्या.”

“अन् कोठीत गोळ्या टाकल्या होत्या?”

“टाकायाच लागत्यात. पाऊसकाळ झाला की भुंगे व्हतेत. दिवाळी झाली की दरसाली टाकते. कोठी वेगळ्या खोलीत हाय, तिथं कुणी झोपत न्हाई, लेकरं जात न्हाईत. विष हाय ते, म्हाईत हाय मला.”

पुनम खुर्चीत मागं टेकली. सापडलं होतं.

दहा-बारा वर्षांपूर्वी तिचा बाप, भुजंग, लातुरातल्या एका धान्याच्या गोदामात मापाडी होता. पुनम तेव्हा नुकतीच दुरुस्तीचं शिकत होती. गोदामातला इलेक्ट्रॉनिक वजनकाटा दर दोन महिन्यांनी बंद पडायचा. मालक म्हणायचा, भुजंग काट्यावर पाणी सांडतो. बाप शपथा घ्यायचा, मालक ऐकायचा नाही. पुनम काटा उघडायची, आत काळी तार दिसायची, तार बदलायची, काटा चालायचा. आणि तो का बंद पडतो हे तिला सांगता यायचं नाही. पुढं कधीतरी गोळ्या टाकणाऱ्या माणसानं सहज सांगितलं, की त्या गोळीतून जो वायू निघतो तो किड्याला मारतो आणि तांब्यालाही खातो, आम्ही हातातलं घड्याळसुद्धा बाहेर काढून ठेवतो. तोवर बापानं ती नोकरी सोडली होती. आपल्याला वेळेवर कळलं असतं तर, हा सल पुनमच्या मनात अजून होता. आज दुसऱ्या कुणासाठी का होईना, वेळेवर कळलं होतं.

तिनं साखराबाईंना सगळं समजावून सांगितलं. धान्याला त्या वायूचं काही होत नाही, बी शाबूत राहतं, पण तांबं-पितळ काळं पडतं आणि असल्या यंत्रात तर केसापेक्षा बारीक तारा असतात.

साखराबाईंचा चेहरा उतरला. इतका वेळ ताठ बसलेली बाई एकदम लहान दिसायला लागली.

“म्हंजे म्याच मारलं.”

“मावशी...”

“उंदरापासून जपलं, चोरापासून जपलं, अन् माझ्याच हातानं विषात ठेवलं. लेकराचे पाच वर्सं.” त्यांनी पदर तोंडाला लावला.

पुनमला गुळमुळीत धीर देता येत नसे. “हे बगा,” ती म्हणाली, “तुमाला सांगितलं नव्हतं, तिला म्हाईत नव्हतं, नांदेडच्या मोठ्या दुकानांनाबी कळलं न्हाई. तवा दोष द्यायचा तर रांगेत तुमचा नंबर शेवटचा. अन् आता मला कशानं झालं ते कळलंय. कशानं ते कळलं की निम्मं काम झालं. चहा घ्या.”

साखराबाईंनी चहा घेतला नाही. “आदी फोन लावून द्या. शिवांगीला.”

“अजून थोडं थांबा की. काही निघालं तर मग सांगू.”

“चांगलं झाल्यावर कुणीबी सांगतंय. आताच सांगते.”

आणि त्यांनी सांगितलं. कुठलीही सारवासारव न करता, की पोरी, तुझं मशीन माझ्यामुळं गेलं, कोठीतल्या गोळीनं गेलं. पलीकडून तान्ह्या बाळाचा आवाज येत होता. मग शिवांगी म्हणाली, “आत्याबाई, मी शेतीचं शिकलेली. गोळी मला माहीत होती. पण मी तरी कुठं सांगितलं तुम्हाला कोठीत ठेवू नका म्हणून? तुम्ही जेवलात का?” यावर मात्र साखराबाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं. पुनमनं मान खाली घालून आपलं काम सुरू केलं, कारण तिच्याही डोळ्यांचं काही खरं नव्हतं.

लॅपटॉप जिवंत करायची गरजच नव्हती. सगळा माल होता तो बोटाएवढ्या एका पट्टीत, फाइली साठवणाऱ्या ड्राइव्हमध्ये. नांदेडवाल्यांनी ती पट्टी दुसऱ्या मशीनला लावून बघितली असणार, दिसली नाही, विषय संपला. पुनमनं ती सोडवून घेतली. आधी स्पिरिटनं आणि मऊ ब्रशनं हलक्या हातानं धुतली. मग टोकाच्या सोनेरी दातांवरचं काळं शाळेतल्या पांढऱ्या खोडरबरानं घासून काढलं. लावून बघितली. दिसली नाही.

“न्हाई?” साखराबाईंनी विचारलं.

“अजून न्हाई.”

मग तिनं मीटर घेतला. वीज पट्टीत शिरते, इथवर येते, पुढं इथवर येते आणि इथं थांबते. थांबते तिथं तिळाएवढी एक तांब्याची गुंडाळी होती. भिंगातून बघितलं तर तिची तार खाऊन तुटलेली. रस्त्यातला एक पूल पडला म्हणून पलीकडचं अख्खं गाव मेलं, असं दोन दुकानांनी जाहीर करून टाकलं होतं. पुनमनं भंगारच्या डब्यातून तशीच एक जुनी पट्टी शोधली, गरम हवेच्या बंदुकीनं तिची गुंडाळी उचलली आणि श्वास रोखून इकडं बसवली. हे काम दोन मिनिटांचं. पण ती दोन मिनिटं पानवाला दारात येऊन उभा राहिला होता आणि त्यानं म्हशीचं नावसुद्धा काढलं नाही.

तिसऱ्या प्रहरी चारला तिनं पट्टी परत लावली. पडद्यावर आधी काहीच नाही. मग कोपऱ्यात एक नवं चिन्ह उमटलं.

“आली!” पुनम एवढ्या मोठ्यानं ओरडली की स्टँडातल्या दोन-चार माणसांना वाटलं लातूर गाडीच आली.

“उगडा, उगडा! बगू द्या!”

“आता अजिबात उघडायचं न्हाई. आजारी माणसाला आल्या आल्या बोलतं करत न्हाईत. आधी सगळीच्या सगळी नक्कल काढायची, मग निवांत बगायचं.”

नक्कल निघायला लागली, मुंगीच्या पावलानं. सहाच्या सुमाराला पुनम म्हणाली, रात्रभर चालेल, तुम्ही गावाला जा. साखराबाई म्हणाल्या, मी हिथून हलत न्हाई. शेवटी पुनमनं त्यांना घरी नेलं, भाकरी-पिठलं खाऊ घातलं, आणि सकाळी आठला दोघी परत दुकानात हजर झाल्या.

नक्कल पूर्ण झाली होती. पुनमनं फाइली उघडल्या आणि खुर्ची साखराबाईंकडं वळवली. पडद्यावर तूर होती. हिरवी, फुलावर आलेली, शेंगांनी लगडलेली. प्रत्येक झाडाशेजारी मोजपट्टी आणि चिठ्ठी. साखराबाईंना वाचता येत नव्हतं. पण चिठ्ठ्या वाचायची त्यांना गरजच नव्हती.

“ही बांधाकडची. ही येडी, दोन येळा फुलायची. ही बोरीखालची, हिला सावली लागायची म्हणून उंच गेली.” त्यांचा आवाज परत भरला होता. एकेक झाड त्या नात्यागोत्यातल्या बाया ओळखाव्यात तसं ओळखत होत्या. पुनम खूष होती. तिनं मनातल्या मनात त्या दोन काचेच्या दारांना एक चांगला रामराम घातला.

आणि मग साखराबाई म्हणाल्या, “लई पावसाचं साल कुठंय?”

“कुठलं?”

“पाण्यानं सगळ्या तुरी उबळून मेल्या ते साल. हे दाखवून राहिले ते त्याच्या आदीचं. अन् हे त्याच्या नंतरचं. मधलं कुठंय?”

पुनमनं बघितलं. एकवीस सालचा फोल्डर नावाला होता, आत एकही फाइल उघडत नव्हती. नक्कल काढणाऱ्या प्रोग्रॅमनं खाली बारीक अक्षरांत लिहिलंही होतं, की एक टक्का भाग वाचता आला नाही. नव्याण्णव टक्के बघून पुनम हुरळून गेली होती. एक टक्का म्हणजे काहीतरी फालतू असेल, असं तिनं स्वतःच ठरवून टाकलं होतं. अगदी नांदेडवाल्यांसारखं. तिचे कान गरम झाले.

“चुकलं माझं मावशी. मी नीट बगितलं न्हाई. ते साल नसलं तर चालंल?”

“चालंल?” साखराबाई उठून उभ्या राहिल्या. “आवो, त्या सालातच तर सगळं हाय. खालच्या खोलगटात गुडघाभर पाणी साचलं होतं. बारा दिवस. शिवारातली तूर गेली, आमची गेली. त्या अख्ख्या पट्ट्यात सात झाडं हुबी राहिली. सात. आता रानात जी तूर हाय, ती सगळी त्या सातांची लेकरं हाईत. त्ये साल नसलं तर बाकीचं घेऊन मी काय करू?”

पुनमनं परत पट्टी लावली. पट्टी दिसली, पाच मिनिटांनी तापली आणि गायब झाली. परत लावली, परत गायब. रात्रभराच्या श्रमानं ती थकली होती. पुनमनं तिच्या पाठीला ॲल्युमिनियमचा तुकडा चिकटवला, समोर टेबलफॅन लावला आणि या वेळी सगळं न मागता फक्त न वाचलेला तेवढा तुकडा मागायचा ठरवला, तोही उलट्या बाजूनं, शेवटाकडून सुरुवातीकडं. पट्टी तीन मिनिटं वाचायची आणि रुसायची. पुनम तिला दहा मिनिटं थंड होऊ द्यायची आणि परत विचारायची. साखराबाई पदरानं वारा घालत होत्या. फॅन चालू असताना पदराचा काही उपयोग नव्हता, पण त्यांना थांबवायची पुनमची छाती झाली नाही.

असं साडेअकरापासून तीनपर्यंत. फोल्डरमध्ये दोनशे बारा फोटो होते. एकेक करून दोनशे नऊ निघाले, नोंदींचा तक्ता निघाला, आणि मग पट्टी जी गायब झाली ती परत कधीच दिसली नाही.

पुनमनं शेवटचा फोटो उघडला. चिखल, पडलेली काळी झाडं, आणि मधोमध हिरवी उभी सात. साखराबाईंनी पडद्यावर बोट टेकवून मोजली. मग पुनमच्या चेहऱ्यावरून दोन्ही हात फिरवून कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. “बाई माझी गुणाची,” एवढंच म्हणाल्या.

शिवांगीला फोन लागला तेव्हा दोघीही एकाच वेळी बोलत होत्या आणि तिला काहीच समजत नव्हतं. समजलं तेव्हा ती हसली, आणि रडलीही. या वेळी बाळंतिणीला कुणी टोकलं नाही.

गुरुवारी सकाळी पुनमनं दुकानाला कुलूप लावलं. साखराबाईंचा हुकूमच होता, साहेबांसमोर मशीन रुसलं तर मी काय करू, तुमी पाहिजेच. ती आपला लॅपटॉप घेऊन रानात पोचली तेव्हा निम्मं गाव बांधावर जमलेलं होतं. साखराबाईंचा मुलगा वैजनाथ घोंगडी अंथरत होता. कमिटीतले दोघं साहेब आधीच वाकून शेंगा मोजत होते. त्यातले मोठे साहेब चष्म्यावरून बघणारे, कमी बोलणारे. त्यांनी घोंगडीवर बसून चार सालांच्या नोंदी बघितल्या, मान हलवली, आणि नेमकं विचारलं, “एकवीस साली या भागातली सगळी तूर पाण्यानं गेली. आमच्याकडं अहवाल आहेत. तुमचं वाण पुढं सलग कसं आलं? मधेच दुसरीकडचं बी तर आणलं नाही?”

वैजनाथचा चेहरा पडला. साखराबाई मात्र पुनमकडं बघून नुसत्या म्हणाल्या, “दाखवा.”

पुनमनं फोल्डर उघडला. साहेबांनी पहिला फोटो बघितला, तारीख बघितली, चष्मा काढून पुसला. दुसरा बघितला. मग सगळेच बघितले, दोनशे नऊ, घाई न करता. शेवटी उठले आणि म्हणाले, “ती जागा दाखवा.” साखराबाई पुढं आणि दोन्ही साहेब मागं, अशी वरात खालच्या खोलगटात उतरली. साखराबाई पायानं जागा दाखवत होत्या, एक हिथं, दोन तिथं, आणि मोठे साहेब फोटो जुळवत मातीत उकिडवे बसत होते. सातव्या जागेवर ते बसले ते लवकर उठलेच नाहीत. तिथल्या झाडाची शेंग सोलून दाणे हातावर घेऊन बघत राहिले.

“बाई,” ते म्हणाले, “आम्ही आमच्या केंद्रात मुद्दाम पाणी साठवून असलं झाड शोधतोय. नऊ वर्षं झाली.”

साखराबाईंनी हाताची माती झटकली. “चहा घेऊन जावा,” त्या म्हणाल्या.

घोंगडीवर परत आल्यावर साहेबांनी अहवालात लिहिलं, नोंदी पूर्ण व समाधानकारक, आणि तेच मोठ्यानं वाचूनही दाखवलं. बांधावरून टाळ्या पडल्या, कुणीतरी शिट्टी मारली. वैजनाथनं नांदेडला व्हिडिओ कॉल लावला होता, त्यात मांडीवर बाळ घेऊन शिवांगी दिसत होती. साहेबांनी अर्ज उलटा करून बघितला. “एक रकाना कोरा आहे. वाणाचं नाव. सूनबाई, काय लिहू?”

“ते मी मुद्दाम सोडलंय, सर. आत्याबाईंना विचारा.”

सगळ्यांच्या माना साखराबाईंकडं वळल्या. त्यांनी विचार करायला वेळ घेतला नाही.

“सातजणी,” त्या म्हणाल्या.

मोठे साहेब हसले. “साती आसरांवरून का?”

“न्हाई साहेब. त्या पाण्यातल्या. ह्या माझ्या, पाण्याला पुरून उरलेल्या.”

साहेबांनी पेन उचलला, रकान्यात ते नाव सावकाश, गोल अक्षरांत लिहिलं आणि अर्ज साखराबाईंसमोर धरला. त्यांनी अंगठा पुढं केला.